साखर ७२, तब्येत ठणठणीत. मग गाडी का नको?

प्रश्न : मी ५८ वर्षांचा आहे, कऱ्हाडला राहतो. बरीच वर्षं गोळ्यांवर होतो. गेल्या दिवाळीपासून डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन सुरू केलं आहे. मुलगी पुण्यात असते, त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी मी स्वतः गाडी घेऊन जातो. परवा निघताना बोट टोचून पाहिलं तर ७२ आलं. मुलगा म्हणाला, ‘बाबा, नव्वदच्या खाली गाडी चालवायची नसते.’ आमचे डॉक्टर तर सत्तरच्या खाली गेली तरच साखर कमी झाली असं म्हणतात. मला ना घाम होता, ना थरथर. मग गाडी का नको? हा नव्वदचा आकडा आला कुठून? इन्सुलिन सुरू झालं हे आरटीओला कळवावं लागतं का? मुलगा आता ड्रायव्हर ठेवा म्हणून मागे लागला आहे. – एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : तुमच्या मुलाचा आकडा बरोबर आहे आणि डॉक्टरांचाही. ७० हा आजाराचा आकडा. त्याखाली साखर गेली की ती कमी झाली असं धरायचं, मग तुम्ही घरी झोपाळ्यावर बसलेले असा नाहीतर शेतावर. ९० हा गाडीचा आकडा आहे आणि तो ब्रिटनमधून आलाय. तिकडे रक्तातली साखर मिलिमोलमध्ये मोजतात. त्यांच्या आकड्याला १८ ने गुणलं की आपला मिलिग्रॅमचा आकडा मिळतो. गाडीत बसताना साखर किमान ५ हवी, म्हणजे आपले ९०. त्याहून कमी असेल तर आधी खायचं, मग निघायचं. आणि ४ च्या खाली असेल तर किल्लीला हातच लावायचा नाही, असा तिथला दंडक. ४ गुणिले १८ किती? ७२. म्हणजे परवा तुम्ही नेमके उंबरठ्यावर उभे होतात. तिथून पुण्याला निघालात की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही, मीही विचारत नाही.

आता हे मधले वीस अंक कशासाठी, हा तुमचा खरा प्रश्न.

पहिलं कारण तुमच्या हातातलं यंत्र. ग्लुकोमीटरसाठी आयएसओचं एक मानक आहे, क्रमांक १५१९७. त्याच्या २०१३ च्या आवृत्तीप्रमाणे, साखर १०० च्या खाली असताना यंत्र १५ अंकांनी वरखाली चुकलं तरी ते पास होतं, आणि तेही शंभरातली पंचाण्णव रीडिंग या मर्यादेत बसली की पुरे. तेव्हा तुमचे ७२ हे खरे ८७ असू शकतात आणि खरे ५७ही असू शकतात. यात यंत्राचा दोष नाही, घरगुती यंत्राकडून एवढीच अपेक्षा असते. ९० वर हीच चूक धरली तरी खालचं टोक ७५ राहतं. सुरक्षित अंतर म्हणतात ते हे.

त्यात आपण आपली भर घालतो. निघायच्या गडबडीत नातवाला द्राक्षं सोलून दिली, हात पँटला पुसले आणि बोट टोचलं, तर बोटावरची द्राक्षाची साखर त्या थेंबात मिसळते आणि रीडिंग भलतंच चढं येतं. स्पिरिटचा बोळा फिरवून ती जात नाही. साबणानं हात धुऊन कोरडे करावे लागतात. ग्लव्ह बॉक्समध्ये एप्रिलभर शेकलेल्या पट्ट्यांवरही फार विश्वास टाकू नये. पट्ट्यांची डबी उन्हात, दमटपणात किंवा झाकण उघडं राहून खराब होते आणि खराब झाल्याचं वरून दिसत नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ७२ हे तुमची साखर त्या क्षणी कुठे होती ते सांगतं. ती वर चालली होती की खाली, हे सांगत नाही. इन्सुलिन घेणाऱ्याच्या बाबतीत ते घड्याळाकडे बघून ताडावं लागतं.

तुम्ही कोणतं इन्सुलिन घेता ते लिहिलेलं नाही. सकाळ-संध्याकाळ म्हणता त्यावरून ते ३०/७० चं मिश्रण असावं असा माझा तर्क. आपल्याकडे ते फार चालतं. यातला तीस टक्के भाग साध्या इन्सुलिनचा. टोचल्यावर अर्ध्या तासात तो कामाला लागतो आणि दोन-तीन तासांत भरात येतो. उरलेला सत्तर टक्के भाग एनपीएच, म्हणजे संथ चढणारं इन्सुलिन. त्याचा जोर साधारण चार तासांनंतर कधीतरी वाढतो आणि पुढे कित्येक तास टिकतो. माणसागणिक यात फरक पडतो. एकाच माणसात रोजच्या रोजही पडतो.

हे तुमच्या रस्त्यावर मांडून पाहू. साडेसातला इंजेक्शन, आठला पोहे आणि चहा. आवराआवर करून दहाला गाडी काढली. उंब्रज गेलं, नागठाणे गेलं, सातारा मागे पडेपर्यंत अकरा. साधं इन्सुलिन नुकतंच भरात येऊन गेलेलं आहे आणि पोहे संपत आलेत. आनेवाडीचा टोल, भुईंज, सुरूर, खंबाटकीचा बोगदा. आता बारा वाजायला आलेत आणि एनपीएचनं जोर धरायला सुरुवात केली आहे. मुलीचा फोन येऊन गेलाय, ‘बाबा, मी जेवायची थांबलेय, बाहेर काही खाऊ नका.’ म्हणून शिरवळला तुम्ही चहासुद्धा बिनसाखरेचा घेता. खेड-शिवापूरला गाड्यांची रांग लागलेली, पुढे शहरात शिरताना आणखी एक. एक वाजताचं जेवण अडीचवर जातं. इन्सुलिनला मात्र हे कुणी कळवलेलं नसतं. ते वेळेवर आपलं काम करत राहतं.

या हिशेबात निघतानाचे ७२ बसवून बघा. ते ११० असते तरीही साताऱ्याच्या पुढे एकदा थांबून पाहायला हवं होतं. ब्रिटनमधल्या नियमाचा दुसरा अर्धा भाग तोच आहे: निघण्यापूर्वीची तपासणी दोन तासांच्या आतली हवी आणि प्रवासात दर दोन तासांनी पुन्हा बोट टोचायचं. कऱ्हाड ते पुणे साधारण तीन तासांचा रस्ता. एक थांबा पुरतो. त्या थांब्यावर डब्यातली अर्धी पोळी-भाजी खाऊन घ्यावी आणि मुलीकडे उरलेलं जेवावं. लेक रागावणार नाही, रागावली तर हे पान तिला दाखवा.

ज्यांचं इन्सुलिन वेगळं असेल त्यांचं घड्याळही वेगळं. रात्री एकदाच घ्यायचं ग्लार्जिन दिवसभर बऱ्यापैकी सपाट चालतं, त्याला असा ठळक चढ नसतो. जेवणाआधी घ्यायचं लिस्प्रो किंवा अस्पार्ट पंधरा मिनिटांत सुरू होतं, तासा-दीड तासात भरात येतं आणि तीन ते पाच तासांत ओसरतं. ‘आता घेतो, पुढच्या ढाब्यावर जेवू’ हा बेत या इन्सुलिनवर तर मुळीच करू नये. ताट समोर आल्याशिवाय ते घ्यायचं नाही, निदान प्रवासात तरी. आपलं इन्सुलिन कधी भरात येतं हे डॉक्टरांना विचारून एका कागदावर लिहून घ्या. बऱ्याच लोकांना आपला डोस पाठ असतो, पण ही वेळ माहीत नसते.

आता तिसरं कारण, ‘मला काहीच झालं नव्हतं’ या तुमच्या वाक्याचं.

मेंदू शरीराच्या एकूण ऊर्जेतला जवळजवळ पाचवा हिस्सा खातो, एरवी तो चालतो ग्लुकोजवर, आणि स्वतःजवळ साठा म्हणाल तर जवळपास काही नाही. साखर उतरायला लागली की शरीर आधी अॅड्रेनलिन सोडून बोंब ठोकतं. घाम, थरथर, धडधड, भूक ही सगळी त्या बोंबेची रूपं. त्याहून खाली गेलं की मेंदूचंच काम मंदावतं: लक्ष लागत नाही, अंतराचा अंदाज चुकतो, निर्णयाला उशीर होतो, माणूस विनाकारण चिडतो. आपण कमी पडतोय हे ओळखायचं काम याच मेंदूचं, आणि नेमका तोच कमी पडलेला असतो. चोरानं आधी पहारेकऱ्यालाच गुंगीचं औषध पाजावं, तसला हा प्रकार.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात डॅनियल कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सिम्युलेटरवर, म्हणजे खोट्या गाडीवर, तपासून पाहिलं. टाइप १ मधुमेहाच्या माणसांना गाडीत बसवायचं, शिरेतून इन्सुलिन देत साखर हळूहळू उतरवायची आणि त्यांचं चालवणं मोजायचं. हाताशी गोड पेय ठेवलेलं. वाटलं तर प्या, वाटलं तर गाडी थांबवा. साखर सत्तरच्या थोडी खाली आली तेव्हाच चालवण्यात चुका दिसू लागल्या, पण पेयाकडे हात गेला तो पन्नासच्याही खाली उतरल्यावर, आणि तेव्हाही सगळ्यांचा गेला नाही. ही माणसं प्रयोगासाठीच बसली होती. आपली साखर उतरवली जाणार आहे हे त्यांना ठाऊक होतं.

एका रुग्णाच्या पत्नीनं सांगितलेला प्रसंग याच रस्त्यावरचा आहे. भुईंजच्या अलीकडे तिच्या लक्षात आलं की डावा इंडिकेटर केव्हाचा टिकटिकतोय आणि हे तो बंद करत नाहीत. वेग साठ-पासष्टवर आलेला, गाडी उजव्याच लेनमध्ये, मागचे ट्रक हॉर्न देताहेत. ‘साखर खाता का?’ म्हटलं तर एकदम खेकसले, ‘मला काही झालेलं नाही, तू गप्प बस.’ त्यांचा आवाज असा कधीच नसतो, म्हणून ती घाबरली. ती वाद घालत बसली नाही. ‘मला ओकारी येतेय, गाडी बाजूला घ्या’ म्हणाली. गाडी थांबल्यावर बोट टोचलं तेव्हा आकडा ४८ होता. पुढचा अर्धा तास त्यांना नंतर काही केल्या आठवेना.

मधुमेह जुना झाला की पहिली बोंबही क्षीण होते. पुन्हा पुन्हा साखर उतरत असेल तर शरीराला तिची सवय होते आणि घाम-थरथर न होताच माणूस थेट गोंधळाच्या पायरीवर जातो. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल यांसारखी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर थरथर आणि धडधड दबते. घाम तेवढा बहुधा राहतो. यातली दिलाशाची गोष्ट अशी की काही आठवडे कटाक्षानं साखर उतरू दिली नाही, तर गेलेली जाणीव बऱ्याच लोकांत परत येते. तोवर गाडी दुसऱ्यानं चालवावी. आणि ज्यांचा एचबीए१सी उत्तम आहे त्यांनी निर्धास्त राहू नये. १९९३ साली जाहीर झालेल्या अमेरिकेतल्या डीसीसीटी या मोठ्या अभ्यासात साखर काटेकोर ठेवणाऱ्या गटाचे डोळे, मूत्रपिंडं आणि नसा खूप वाचल्या, पण दुसऱ्याची मदत लागावी इतकी साखर उतरण्याचे प्रसंग त्यांच्यात जवळजवळ तिप्पट होते.

करायचं काय, ते आता सांगतो.

गाडीत एक गोडाचा साठा कायमचा हवा आणि तो ड्रायव्हरच्या दारातल्या कप्प्यात हवा. डिकीत, मागच्या सीटवरच्या बॅगेत किंवा बायकोच्या पर्समध्ये तो असून नसल्यासारखा. ग्लुकोज पावडरीचा डबा आणि पाण्याची बाटली, किंवा फळांच्या रसाचे छोटे टेट्रापॅक. पंधरा ग्रॅम ग्लुकोज एका वेळेला लागतं: सपाट भरलेले तीन-चार चहाचे चमचे साखर, नाहीतर साधारण अर्धा पेला रस. पेढा, बर्फी, चॉकलेट यांनी तोंड गोड होतं, पण त्यातल्या तुपा-दुधामुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. कंदी पेढे साताऱ्याचे असले तरी या कामाचे नाहीत. बिस्किटंही नंतरची. डाएट कोल्ड्रिंकमध्ये साखरच नसते, हे गडबडीत शेजारचा माणूस विसरतो.

एक बारकावा बऱ्याच जणांना सांगितलेला नसतो. इन्सुलिनबरोबर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असलेली गोळी चालू असेल, तर घरातली साखर, गूळ, उसाचा रस, बिस्किटं यांचा उपयोग फार उशिरा होतो, कारण ती साखर आतड्यात फोडण्याची क्रियाच ही गोळी अडवते. अशांना ग्लुकोजच लागतं. डब्यावर तसं लिहिलेलं पाहून घ्या. आपल्या गोळ्यांच्या पाकिटावर बारीक अक्षरात ही नावं आहेत का ते आजच वाचा.

चालवताना काही वेगळं वाटलं तर रीडिंग घेण्यासाठी चालत्या गाडीत धडपडू नका. इंडिकेटर देऊन रस्त्याच्या पूर्ण डावीकडे जिथे सुरक्षित असेल तिथे थांबा, इंजिन बंद करा, धोक्याचे दिवे लावा आणि किल्ली काढून घ्या. शक्य असेल तर डावीकडच्या सीटवर सरका. ब्रिटनमध्ये असं सांगतात त्यामागे कायदा आहे, पण आपल्याला त्याचा फायदा वेगळा: गोंधळलेल्या माणसाचा हात सवयीनं पुन्हा किल्लीकडे जातो. ग्लुकोज घ्या, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा बोट टोचा, गरज असेल तर आणखी घ्या. वर आल्यावर पोळी, केळं असं काहीतरी टिकणारं खा.

आणि मग थांबा. साखर पूर्ववत झाल्यापासून पंचेचाळीस मिनिटं. रीडिंग १०० आलं म्हणून मेंदू लगेच पहिल्यासारखा होत नाही. तो मागून येतो. ताशी ८० च्या वेगात गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते, हे लक्षात ठेवलं तर पाऊण तास जड जाणार नाही.

आपल्याकडची तीन प्रकरणं मला वेगळी सांगावीशी वाटतात, कारण परदेशी पत्रकांत ती मिळणार नाहीत.

उपास. अंगारकीला सकाळी नेहमीचं इन्सुलिन घेऊन, चंद्रोदयापर्यंत उपास धरून, स्वतः गाडी चालवत अष्टविनायकांतले दोन-तीन गणपती करून यायचे, हा बेत इन्सुलिनवरच्या माणसाच्या जिवावर येऊ शकतो. चंद्र रात्री उशिरा उगवतो. सकाळच्या एनपीएचला तो दिसत नाही. मधे साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर साखर आधी उसळते आणि मग तिचा अंदाज राहत नाही. उपास सोडा असं मी म्हणत नाही, तो तुमचा प्रश्न. पण डोस काय घ्यायचा ते दोन दिवस आधी डॉक्टरांना विचारा आणि त्या दिवशी गाडी दुसऱ्याच्या हाती द्या.

अंगमेहनत. पंक्चर झालं, जॅक लावून चाक बदललं, किंवा बंद पडलेली गाडी ढकलली. वीस मिनिटांच्या या कसरतीनंतर लगेच स्टिअरिंगवर बसू नका. आधी तपासा. लग्नघरी दिवसभर राबून रात्री परत निघणाऱ्यांनाही हेच लागू. मेहनतीचा परिणाम काही तास उशिरानेही दिसतो.

तिसरं, वाटेत इन्सुलिन घरी राहिल्याचं लक्षात येणं. मग वाटेतल्या औषधाच्या दुकानातून जे मिळेल ते घेतलं जातं आणि इथे मोठा अपघात दडलेला आहे. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक करून ४० युनिटचं असतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४०. पेनच्या काडतुसातलं १०० चं. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, नारिंगी टोपणाची १०० साठी. पेनची सुई मिळाली नाही म्हणून काडतुसातून लाल सिरिंजनं वीसच्या रेघेपर्यंत ओढलं, तर अंगात वीसऐवजी पन्नास युनिट जातात. त्यानंतर कोणत्याही आकड्यावर गाडी चालवता येणार नाही. बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतो का ते दुकानाच्या दिव्याखाली उभं राहून पाहा. नाही जुळला तर फोन करून डॉक्टरांना विचारा.

दारूबद्दल एकच वाक्य: ती यकृताला नवी साखर बनवू देत नाही, म्हणून रात्री घेतली तर दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढतानाही साखर बघा.

इतकं वाचून ‘मग सकाळचं इन्सुलिनच घेत नाही’ असा विचार मनात आला असेल तर तो काढून टाका. साखर ३०० च्या वर गेली की डोळ्यांपुढे धूसर होतं, झापड येते, दर अर्ध्या तासाला लघवीला थांबावं लागतं. तेही चालवायला धोक्याचंच. उलट, इन्सुलिन नव्यानं सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे नजर बदलते, कारण साखर उतरताना डोळ्यातल्या भिंगाचा आकार बदलतो. तेवढ्या काळात नवा चष्मा करू नये आणि समोरची पाटी स्वच्छ दिसत नसेल तर गाडी चालवू नये. पायाला मुंग्या आणि बधिरपणा असेल, ब्रेकवर पाय आहे की नाही हे बघून ठरवावं लागत असेल, तर साखरेच्या आकड्याआधी तो विषय डॉक्टरांपुढे काढा.

आता आरटीओ. नुसतं इन्सुलिन सुरू झालं म्हणून कळवायची वेगळी तरतूद आपल्या मोटार वाहन नियमांत नाही. पण परवाना काढताना किंवा नूतनीकरण करताना भरायचा फॉर्म १ नीट वाचा. त्यातला पहिलाच प्रश्न आहे की तुम्हाला अपस्मार आहे का, किंवा कोणत्याही कारणानं अचानक बेशुद्धीचे किंवा चक्करचे झटके येतात का. ‘कोणत्याही कारणानं’ यात साखर उतरून शुद्ध जाणंही आलं. पुढे २५ मीटरवरून गाडीची नंबर प्लेट वाचता येते का, रातांधळेपणा आहे का, आणि लोकांना धोका होईल असा दुसरा काही आजार आहे का, असे प्रश्न आहेत. चाळिशीनंतर यासोबत डॉक्टरांचा दाखला, म्हणजे फॉर्म १-अ, लागतो आणि पंचावन्नच्या पुढे नूतनीकरण दर पाच वर्षांनी होतं. आपल्याकडे हा दाखला कसा मिळतो हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १८६ प्रमाणे, धोका होईल असा आजार आहे हे ठाऊक असताना गाडी चालवणं हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळेला एक हजार रुपये दंड. तो फार नाही. अपघात झाला तर पुढे जे होतं ते फार असतं.

ब्रिटनमध्ये इन्सुलिन घेणाऱ्याला परवाना खात्याला कळवावंच लागतं, परवाना एक ते तीन वर्षांपुरताच मिळतो, आणि वर्षभरात जागेपणी एकापेक्षा जास्त वेळा दुसऱ्याची मदत लागावी इतकी साखर उतरली तर गाडी बंद. माझ्या मते आपल्याकडेही असा काहीतरी नियम हवा. तोपर्यंत ही शेवटची अट प्रत्येकानं स्वतःला लावून घ्यावी.

ड्रायव्हर ठेवायचा की नाही? इन्सुलिन हे काही गाडी सोडण्याचं कारण नव्हे. चार्ली किंबॉल नावाचा अमेरिकन शर्यतपटू टाइप १ मधुमेही आहे. इंडियानापोलिस ५०० मध्ये तो इन्सुलिनवर असतानाच गाडी पळवायचा: अंगावर साखर मोजणारा सेन्सर, तिचा आकडा स्टिअरिंगजवळ, आणि हेल्मेटपर्यंत आणलेल्या नळीला दोन बाटल्या, एकीत पाणी, दुसरीत गोड पेय. २०१३ साली ओहायोतली एक इंडीकार शर्यत त्यानं जिंकली. ब्रिटनमध्ये २०१२ पासून इन्सुलिन घेणारे वैमानिक प्रवासी विमानं चालवताहेत. त्यांना उड्डाणाआधी, उड्डाणात दर तासाला आणि उतरण्यापूर्वी अर्धा तास साखर मोजावी लागते. आणि ‘मला कळेल’ ही सबब त्यांच्याकडून कुणी ऐकून घेत नाही.

तेव्हा गेल्या वर्षभरात शुद्ध हरपण्याइतकी किंवा दुसऱ्यानं तोंडात साखर घालावी लागण्याइतकी ती कधी उतरली नसेल, साखर उतरल्याचं तुम्हाला वेळेवर कळत असेल, नजर आणि पाय ठीक असतील आणि निघताना व वाटेत बोट टोचायची तयारी असेल, तर गाडी तुमचीच राहू द्या. यातलं एकही गडबडलं तर मुलगा म्हणतो ते ऐका.

प्रश्न : यजमान इन्सुलिन घेतात आणि गाडीही तेच चालवतात. मला चालवता येत नाही. शेजारी बसून मी काय करावं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : लक्ष त्यांच्या बोलण्यावर ठेवा. बोलता माणूस गप्प होणं, एकच वाक्य परत म्हणणं, नेहमीचं वळण चुकणं, कारण नसताना चिडणं, गार घाम. असं दिसलं की ‘साखर कमी झाली का?’ असं विचारू नका, उत्तर ‘नाही’च येतं. लघवीला जायचंय, मळमळतंय असं काहीही सांगून गाडी थांबवून घ्या आणि किल्ली ताब्यात घ्या. शुद्धीत असतील, गिळता येत असेल तर ग्लुकोज पाजा. शुद्ध गेली असेल तर तोंडात पाणी, साखर, मध काही घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा आणि १०८ लावा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ ही मदतवाहिनीही आहे. नाशिक–मुंबई रस्त्यावर कसारा घाटाआधी एक थांबा ठरवूनच टाका. घाटात थांबायला जागा शोधण्यापेक्षा ते सोपं. आणि जमलं तर गाडी शिका.

प्रश्न : मी इन्सुलिन घेत नाही, फक्त गोळ्या घेतो, आणि मोटरसायकल चालवतो. मला हे लागू नाही ना? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : गोळी कोणती, त्यावर आहे. नुसती मेटफॉर्मिन असेल तर साखर अशी उतरत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा ग्लिबेनक्लामाइड असेल तर उतरते, आणि ग्लिबेनक्लामाइडनं तर लांब वेळ उतरलेली राहते, विशेषतः वयस्कर माणसांत आणि मूत्रपिंडं कमजोर असतील तर. एकाच गोळीत मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड दोन्ही असण्याची शक्यता मोठी, म्हणून पाकीट उलटं करून वाचा. मोटरसायकलवर तर आणखी जपा: वाऱ्यात घाम कळत नाही, इंजिनाच्या थरथरीत हाताची थरथर कळत नाही आणि हेल्मेटमुळे शेजारच्यालाही तुमचा चेहरा दिसत नाही. ग्लुकोजची पुडी डिकीच्या पेटीत टाकू नका, शर्टाच्या खिशात ठेवा. गोळी घेऊन उपाशी निघू नका.